ज्योतिष्याची लेक

गावात त्याला सगळे ज्योतिषी म्हणत. तो त्यावर चिडायचा, म्हणजे निदान चिडल्यासारखं दाखवायचा. खरं तर तो साधा बातमीदार. एका लहानशा वर्तमानपत्रात खेळाचं पान सांभाळायचा, आणि सांभाळायचा म्हणजे लिहायचा, तपासायचा, फोटोखालची नावं उलटीपालटी झाली की लोकांच्या शिव्याही तोच खायचा. पण वर्षातून एका सकाळी लोक पहिलं पान सोडून आधी त्याचं पान उघडत. शाळकरी मुलींच्या क्रॉसकंट्री अजिंक्यपदाची शर्यत त्या दिवशी असायची, आणि त्याचा अंदाज छापून आलेला असायचा. यंदा पहिली कोण, दुसरी कोण, तिसरी कोण. पहिलीच्या बाबतीत तो कित्येक वर्षांत चुकला नव्हता.

त्याची स्वतःची एक पद्धत होती. शर्यतीआधी महिनाभर तो एकेका शाळेच्या मैदानाच्या कडेला जाऊन बसायचा. घड्याळ लावायचा नाही. पाठीमागून वारा असला की घड्याळही थापा मारतं, असं त्याचं म्हणणं. तो बघायचा मुलींच्या मुठी. चढावर जिची मूठ आवळली गेली, ती संपली. आत एखादं पिकलेलं फळ आहे आणि ते चेंगरता कामा नये, इतपतच जिची मूठ मिटलेली राहते, जिचं तोंड बंद असतं आणि नजर स्वतःच्या पायांवर नसते, ती जिंकणार. इतकं साधं. ऐकणाऱ्याला हसू यायचं, पण निकाल लागला की तोच हसणारा सगळ्यांच्या आधी हात मिळवायला यायचा.

मुलींना तो नावंही ठेवायचा, प्रेमानं. नदीकाठच्या शाळेतली एक उंच, काटकुळी मुलगी होती, तिला त्यानं छापून ‘शिडी’ म्हटलं होतं. दुसरी एक बुटकी, पळताना नाकातून असा आवाज काढायची की पुढच्या मुली आपोआप बाजूला होत. ती ‘इंजिन’. मुलींना राग यायचा नाही. उलट ज्योतिषीकाकांनी नाव ठेवलं म्हणजे आपण पळणाऱ्यांत जमा झालो, अशी त्यांची समजूत होती. नाव मिळावं म्हणून काही जणी मुद्दाम त्याच्या समोरून दोनदा पळत.

त्याची लेकही पळायची. तिला मात्र त्यानं नाव ठेवलं नव्हतं.

त्याचं कारण त्याचा नियम. लेकीच्या शाळेच्या मैदानावर तो पाऊल टाकत नसे. फार वर्षांपूर्वी त्याच्याच कचेरीतल्या एकानं आपल्या भाच्याचं कुस्तीतलं कौतुक अर्धं पान भरून छापलं होतं, आणि भाचा पहिल्याच फेरीत चीत झाला होता. तो माणूस निवृत्त होईपर्यंत लोक त्याला ‘मामा’ म्हणत राहिले, आणि तेही प्रेमानं नव्हे. तेव्हापासून ज्योतिष्यानं मनाशी पक्कं केलं होतं की आपलं माणूस आपल्या लेखणीपासून दूर ठेवायचं. शर्यतीच्या दिवशी तो वाटेतल्या टेकडीवर उभा असायचा तेव्हाही लेक समोरून गेली की तो तिच्या मागच्या मुलीकडे बघायचा. लेकीच्या शाळेतल्या इतर मुलींची चौकशी तो तिथल्या खेळाच्या बाईंकडे फोनवर करायचा.

यंदाही केली. बाई म्हणाल्या, "अहो, बाकीच्यांचं राहू द्या, तुमच्या मुलीचं सांगते..."

"तिचं नको," तो म्हणाला. "बाकीच्यांचं सांगा."

"अहो, पण ऐकून तर घ्या."

"बाई, तुम्ही मला धर्मसंकटात टाकू नका. तिचं नको म्हटलं ना."

बाईंनी मग बाकीच्यांचं सांगितलं. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. बायको भाजी चिरत सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "एकदा जाऊन बघून या की तिला. शाळेतलं शेवटचं वर्ष आहे. पुढं कोण पळतंय नि कोण नाही."

"घरचं माणूस बघितलं की डोळे फितूर होतात," तो म्हणाला.

"होऊ द्या की एखाद्या दिवशी," ती म्हणाली. ते त्यानं हसण्यावारी नेलं.

आता अंदाज लिहायचा तर लेकीला कुठं बसवायचं, हा प्रश्न होताच. तिला वगळावं तर तोही अन्याय. गेल्या वर्षी ती चौथी आली होती. गेल्या वर्षी पहिली आलेली मुलगी शाळा सोडून गेली होती. म्हणजे दुसरी आलेली शिडी आता पहिली, तिसरी आलेलं इंजिन आता दुसरं आणि लेक तिसरी. शिडीच्या आणि इंजिनाच्या मुठी तो स्वतःच्या डोळ्यांनी बघून आला होता, त्यामुळे त्यांच्याबद्दल शंका नव्हती. लेकीचं मात्र त्यानं नुसतं एक घर वर सरकवलं. गेल्या वर्षीचा निकाल बघून अंदाज करणाऱ्या नवशिक्या पोरांची तो कचेरीत भर सभेत पिसं काढायचा. आपण नेमकं तेच करतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तो अंदाज मोठ्यानं वाचायचं काम लेकीचं असे. लहानपणापासून. अक्षरं जुळवत वाचायची तेव्हापासून. चहा होईपर्यंत तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसायची आणि ती बातम्या देणाऱ्या बाईच्या थाटात वाचायची. मधे थांबून विचारायची, "शिडी का म्हटलंत हो?" आणि खळखळून हसायची. यंदाही तिनं पान उघडलं. पळायच्या कपड्यांवर जुना स्वेटर चढवलेला, केस घट्ट बांधलेले.

"पहिली, शिडी," तिनं वाचलं. "दुसरी, इंजिन." मग जरा थांबली. "तिसरी, मी."

पुढचं तिनं मोठ्यानं वाचलं नाही. पुढं त्यानं लिहिलं होतं, ‘नियमित सराव करणारी, गुणी धावपटू.’ शिडीवर त्यानं अर्धा रकाना खर्च केला होता.

"तिसरी म्हणजे काही कमी नाही," तो म्हणाला. "एवढ्या शाळांतून तिसरी!"

"हो ना," ती म्हणाली. पानाची नीट घडी घातली, ताटातलं अर्धं तसंच ठेवलं आणि बूट घालायला गेली. त्यानं चहात साखर घातली, आणि घातलीय हे विसरून पुन्हा घातली.

शर्यत मैदानातून सुटायची, पाण्याच्या टाकीला वळसा घालून ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून टेकडी चढायची आणि पलीकडच्या उतारानं पुन्हा मैदानात यायची. जे काही ठरायचं ते टेकडीवर. तो दरवर्षीप्रमाणे माथ्यावरच्या एकुलत्या एका झाडाखाली उभा राहिला. शेजारी किटलीतून चहा विकणारा एक म्हातारा होता. तो शर्यतीचा जुना रसिक. त्याला चहापेक्षा शर्यतीत जास्त रस, त्यामुळे त्याचा चहा नेहमी गार.

खालून ओरडण्याचा आवाज आला. पुलावर पहिली मुलगी दिसली. मग बराच वेळ कुणीच नाही. मग शिडी, तिच्या मागं इंजिन.

"ज्योतिषीबुवा," चहावाला म्हणाला, "यंदा गडबडलात. ही पहिली कोण? अहो, ही तर तुमचीच!"

त्यानं बघितलं. या वेळी मागच्या मुलीकडे बघायला मागं जवळपास कुणी नव्हतंच. लेक एकटीच चढ चढत होती. तोंड बंद. नजर वर, थेट माथ्यावर. खांदे सैल. आणि मूठ, काय सांगावं, मूठ अशी मिटलेली की आत फळ असतं तर त्याला ओरखडासुद्धा आला नसता. इतकी वर्षं मैदानांच्या कडेला बसून तो जे शोधत होता ते सगळं त्याच्या अंगणातून रोज सकाळी बाहेर पडत होतं. आनंद झाला, त्याच क्षणी लाज वाटली, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे तो नुसता उभाच राहिला.

ओरडावं असं त्याला वाटलं. ‘पळ, पोरी!’ एवढंच. पण बातमीदार ओरडत नाही, हाही त्याचाच एक नियम, आणि इतक्या वर्षांची सवय आडवी आली. त्याच्या कपाळाला आठी पडली. विचारात पडला की पडायची. लहानपणी लेकीची गणितं तपासताना उत्तर चुकलं की पडायची, अगदी तीच.

लेक माथ्यावर आली आणि तिनं त्याच्याकडे बघितलं. क्षणभरच. ती आठी तिनं बघितली. मग तिनं मान वळवून मागं बघितलं, शिडी किती लांब आहे ते, आणि ती जणू दचकली. तिची पावलं आखूड झाली. दमलेल्याची पावलं त्याला झोपेतही ओळखता आली असती. ही तशी नव्हती. ही कुणीतरी आतून लगाम खेचल्यासारखी होती. मूठ तेवढी आवळली गेली होती.

उतारावर शिडी तिला गाठून पुढं गेली. मैदानाच्या फाटकाशी नाकातून आवाज काढत इंजिन पुढं गेलं. लेक तिसरी आली.

त्यानंतर जे झालं ते त्याला भोगणं भाग होतं. लोक चहूबाजूंनी आले. "तिन्हीच्या तिन्ही! क्रमासकट!" कुणी पाठ थोपटली, कुणी फोटो काढला. स्वतःच्या लेकीलाही सोडत नाही हा माणूस, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. संपादकांचा फोन आला. "तुमच्या अंदाजाची चौकट पुन्हा छापू, निकालाशेजारी," ते म्हणाले. तो कसाबसा ‘बरं’ म्हणाला. त्यांना वाटलं, माणूस भारावला.

गर्दी पांगल्यावर खेळाच्या बाई आल्या. त्यांनी हात मिळवला नाही.

"गेले दोन महिने तिला सरावात कुणी गाठलेलं नाही," त्या म्हणाल्या. "शिडीनंसुद्धा. दोन्ही शाळांचा एकत्र सराव झाला तेव्हा बघितलंय मी. तेच सांगत होते तुम्हाला."

त्यानं हातातली वही मिटली.

"नको म्हणालात तुम्ही," बाई म्हणाल्या आणि मुलींना गोळा करायला निघून गेल्या.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा लेक मागच्या अंगणात नळाखाली बूट धूत होती. जुन्या दात घासायच्या ब्रशानं तळव्यातला चिखल काढत होती. तो दाराच्या पायरीवर बसला.

"टेकडीवर काय झालं?" त्यानं विचारलं. "पाय दुखला का?"

"नाही."

"दम लागला?"

"नाही हो." ती ब्रश घासत राहिली. "वर आले तर मी एकटीच. मग तुम्ही दिसलात. तुमचा चेहरा बघितला नि वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही तिसरी लिहिलं होतं ना. म्हणजे मी उगाच जास्त जोरात आलेय, पुढं जाऊन मोडणार. म्हणून जरा सांभाळून घेतलं. मग त्या पुढं गेल्या, तेव्हा म्हटलं, बरोबरच आहे."

ती हे अगदी सरळ सांगत होती. रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर त्याला सोसलं असतं.

"अगं, मी तुला बघितलंच नव्हतं," तो म्हणाला. "एकदाही नाही. तुझ्या मैदानावर आलोच नाही मी कधी. बाई सांगत होत्या, ते ऐकलं नाही. तिसरी म्हणून जे लिहिलं ना, ते असंच लिहिलं."

ब्रश थांबला. नळ तेवढा वाहत होता.

"असंच?"

"असंच."

तिनं नळ बंद केला. तो हात टेकून उठला, तिच्याजवळ गेला. "उद्या सकाळी जाऊ आपण. टेकडीवर. तू पळ, मी बघतो. सबंध बघतो. नियम गेला खड्ड्यात."

"उद्या?" ती म्हणाली. "उद्या कशाला? संपलं की, बाबा."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. लेकीनं त्याला असं कधी बघितलं नव्हतं. ती गोंधळली, ओले हात कपड्यांना पुसले आणि त्याच्या खांद्यावर ठेवले. काहीतरी बरं बोलावं म्हणून तिनं शोधलं, आणि लहानपणापासून घरात त्याचं सगळ्यांत मोठं कौतुक म्हणून जे बोललं जायचं तेच तिला सापडलं.

"रडू नका ना," ती म्हणाली. "चुकलात कुठं तुम्ही? आले ना मी तिसरी?"

मग तिनं बूट उचलले, पाणी निथळावं म्हणून भिंतीवर उपडे ठेवले आणि आईला हाक मारत घरात गेली.