तीन सुया कोणी मोडल्या?

मित्रांनो, मी पेडगावच्या बायनाबाईंच्या ओसरीतली एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगते. कोणी माझ्याकडे नुसतं टक लावून पाहिलं, तरी मला विकायचा बेत चाललाय असं वाटतं. चाळीस वर्षं मी झंपर, परकर, शाळेचे गणवेश शिवले. बायनाबाईंच्या मशीनसारखा टाका गावात नाही, असं लोक म्हणायचे. मग घरोघर तयार कपडे आले आणि माझ्या अंगावर धुणं वाळत पडू लागलं. मला फार वाईट वाटायचं.

यंदा बायनाबाईंनी लेकीसाठी, म्हणजे निकितासाठी, मोठी वाकळ, जाड गोधडीच ती, शिवायला घेतली. नऊ लुगड्यांचे थर आणि मध्ये जुनं ब्लँकेट. हाताने दोरा घालायला त्यांना आता दिसत नाही, म्हणून सुनेला, राजेश्रीला, माझ्यावर बसवलं. ते धूड पाहूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. अर्धी वाकळ गुंडाळून माझ्या कमानीखाली कोंबलेली, उरलेली टेबलावरून खाली लोंबलेली. कोणीतरी खालून ओढतंय असं सारखं वाटे. टाके कुठे लांब, कुठे आखूड. दोन दिवसांत तीन सुया मोडल्या.

झालं! बायनाबाईंना वाटलं, नणंदेसाठी आहे म्हणून सून मुद्दाम वेडंवाकडं शिवतेय. राजेश्रीचा संशय माझ्यावर. मला तर दोघींचाही भरवसा वाटेना. त्यात राजेश्रीचा नवरा भागवत म्हणाला, "अजून एक सुई मोडली की भंगारात देऊन टाकतो." मी हादरलेच.

तिसऱ्या दिवशी बायनाबाई पहारा द्यायला माझ्या डावीकडे येऊन बसल्या. "टाका कसा पडायलाय, म्या हातानं बघते," म्हणत त्यांनी लोंबणारी वाकळ मांडीवर ओढून घेतली. आणि काय सांगू, टाके सरळ पडू लागले! राजेश्री शिवत होती, सासूबाई टाके चाचपत होत्या. मग त्या पाणी प्यायला उठल्या, वाकळ मांडीवरून घसरली आणि कटकन सुई मोडली.

भागवत दारातच होता. "बघ आई, म्हणलो व्हतो का न्हाई?"

संपलं आपलं, असं मला वाटलं. पण बायनाबाईंनी वाकून वाकळ पुन्हा उचलली आणि तिचं वजन हातावर तोललं.

"मशीनला काय बी झालं न्हाई. समदं वझं आपण एका सुईवर टांगलं व्हतं." मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "राजेश्री, म्या तुला उगंच बोलले गं."

डोळे पुसत राजेश्री सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुमी नुसतं धरा. मी शिवते."

भागवतने बाज उचलून माझ्याशेजारी लावली. लोंबणारी वाकळ बाजेवर टेकली, कडा बायनाबाईंच्या मांडीवर आली. पुढच्या चार दिवसांत वाकळ पुरी झाली आणि एकही सुई मोडली नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी करते. घरातली वस्तू अडखळू लागली किंवा घरातलं माणूस चुकू लागलं, तर लगेच आळ घेऊ नका. त्याच्यावर किती ओझं लोंबतंय ते बघा, आणि त्यातलं थोडं आपल्या मांडीवर घ्या.