कावीळ उतरली होती

"मागच्या वर्षी रक्त चढवल्यावर काही त्रास झाला होता का?" रक्तपेढीच्या राजश्रीताईंनी विचारलं.

"नाय ओ, मस्त व्हती ती," बाबा म्हणाले. ते आदल्या दिवशीच मुंबईहून आले होते.

आई खाटेवर पांढरीफटक पडली होती. अंगावरून जायचं थांबतच नव्हतं. ते थांबवायला ऑपरेशन, आणि ऑपरेशनला आधी रक्त. तपासून जुळवलेली पिशवी ताईंच्या हातात होती.

यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला गप्प बसणं जमतच नाही. "बाबा, तेव्हा आठवड्याने आई पिवळीधमक नव्हती झाली? लघवी काळ्या चहासारखी?"

"ती कावीळ गो! पालीच्या वैदानं झाडपाल्याचा औषध दिला, उतरली. तोंड आवर जरा."

ताईंनी पिशवी मागे घेतली. "इथे कळवलंत?"

"काविळीला हितं कोण येतो?"

"ती कावीळ साधी नव्हती, काका. गट तोच असला तरी परकं रक्त यांच्या शरीराने ओळखलं आणि फोडून टाकलं. त्याची खूण रक्तात राहते. पुढे ती चाचणीत दिसेनाशी होते, पण शरीर विसरत नाही. हे लावलं असतं तर जिवावर बेतलं असतं. तेव्हाच सांगितलं असतंत, तर जुळणारं आधीच शोधून ठेवलं असतं."

वाडीतली माणसं गाडी भरून रक्त द्यायला आली होती. निलेशमामा पुढे झाला. "माजा घ्या. सख्खा भाव हाय मी."

"सख्ख्याचं तर नकोच. त्यात आणखी वेगळा धोका, जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटू शकतात."

मामाने वर सारलेली बाही खाली ओढली.

कुणाचं जुळेल ही बारीक तपासणी इथे होत नव्हती, म्हणून आईचा नमुना कोल्हापूरला गेला. जुळणारी एक पिशवी तिथे मिळाली, निघालीसुद्धा! मी धावत आईला सांगायला गेले. ती शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. पंधरा दिवस रक्त जात असतानाही तिने चूल चुकवली नव्हती.

"बापासला गप केलंस म्हणं," ती क्षीण हसली. "बरा केलंस. मामा जेवला काय?"

दुपारी एकदम फार रक्त गेलं.

आंबा घाट उतरून गाडी आली, तेव्हा नर्स आईच्या खाटेवरची चादर काढत होती. राजश्रीताई थंड डबा छातीशी धरून दारातच थांबल्या. बाबांनी तो त्यांच्याकडून घेतला, बाकावर नीट ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "ह्या रक्त दुसऱ्या कुणाला चालंल ना?"