कॉफीला जाणारी डिझेल गाडी

मित्रांनो, मी एक पिकअप आहे. वयाने जुनी, रंगाने करडी आणि पोटात डिझेलचे इंजिन बाळगणारी. माझ्या आकाराच्या बहुतेक गाड्या पेट्रोल पितात. त्यामुळे "एवढ्याशा गाडीत डिझेल कशाला?" हा प्रश्न मी रस्त्यावर आल्यापासून ऐकते आहे. विचारणारे माझ्यासमोरच विचारतात, जसे काही मला कानच नाहीत. या प्रश्नाचे उत्तर मला एका मार्च महिन्यात मिळाले. ते मिळेपर्यंत माझा आणि एका मुलीचा जीव टांगणीला लागला होता.

आधी माझ्या घडणीविषयी थोडे सांगते. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. मला लागत नाही. मी हवाच इतकी दाबते की ती प्रचंड तापते आणि तेल आपोआप पेट घेते. हा दाब सोसायला अंग दणकट लागते, म्हणून मी महाग आणि वजनदार. माझ्या धुरात काजळी फार, म्हणून पोटाखाली एक गाळणी बसवलेली आहे. गाळणी भरत आली की मीच ती तापवून आतली काजळी जाळून टाकते. मात्र त्यासाठी मला लांब रस्ता हवा, मागे ओझे हवे आणि मध्ये कोणी थांबवता कामा नये. एवढी एकच माझी अट आहे. सासरी जाणाऱ्या मुलीच्या अटी याहून जास्त असतात.

मला विकत घेतले व्हर्डेल टॉर्गर्सनने. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्याच्या पश्चिमेला त्याचे कुरण होते, भरपूर गुरे होती आणि ती बाजारात न्यायला लांबलचक ट्रेलर होता. ते दिवस माझ्या सुखाचे. भरलेला ट्रेलर मागे घेऊन मी पठाराचा चढ चढायचे तेव्हा पेट्रोलच्या गाड्या बाजूला धापा टाकत असायच्या. व्हर्डेल खिडकीत कोपर टेकवून सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि त्यांना मागे टाकताना स्टिअरिंगवरचे एक बोट उचलायचा. त्या मुलखात याला नमस्कार म्हणतात. तो मात्र त्यात थोडी फुशारकी मिसळायचा. त्या वर्षांत मला माझी गाळणी कधी आठवलीसुद्धा नाही.

मग त्याची बायको मार्लिस वारली. पाठोपाठ त्याच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. गुरे विकली गेली, कुरणाचा बराच भाग भाड्याने गेला. मुलगी सिग्ने पूर्वेकडे बीट वाहणारे मोठे ट्रक चालवत होती. ती नोकरी सोडून घरी आली आणि साठवलेल्या पैशांतून तिने थोड्या कालवडी घेतल्या. तिला हे कुरण पुन्हा उभे करायचे होते. व्हर्डेलला मुलगी घरी आल्याचा आनंद होता, पण तो तिला कशाला हात लावू देईना. थंडी आहे, तू आत बस. ट्रेलर जड आहे, मी बघतो. स्वतःही बघायचा नाही आणि तिलाही बघू द्यायचा नाही.

आणि माझे काय झाले? मी कॉफीला जाऊ लागले. घरापासून दोन मैलांवर, फाट्यावर, एक सहकारी दुकान आहे. तिथे रोज सकाळी म्हातारे जमतात आणि कॉफीचे पैसे कोणी द्यायचे यासाठी फासे टाकतात. मार्लिसची छोटी पेट्रोल गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली होती, पण तिला हात लावायला व्हर्डेलचे मन होईना, म्हणून तो मलाच तिथवर न्यायचा. गाळणी साफ करायला मी नुकती तापू लागायचे, तेवढ्यात दुकान यायचे.

हिवाळ्यात तर त्याची माया उतू जायची. मला थंडी वाजू नये म्हणून तो फासे संपेपर्यंत मला दारात चालू ठेवायचा. त्याच्या बापाच्या जुन्या ट्रॅक्टरला असेच चालू ठेवावे लागे, थंडीत बंद केला की तो वसंतातच उठायचा. तिथले सगळे जुने लोक डिझेलवर अशीच माया करतात. पण माझ्यासारखीला उभ्याउभ्या गुरगुरत ठेवले की पोटात नुसती काजळी साचते. प्रेमापोटी कोणी आपल्याला विष पाजत असेल तर त्याच्यावर रागावता तरी कसे येणार?

मी माझ्या परीने सांगितले. समोरच्या छोट्या पडद्यावर अक्षरे उमटवली : गाळणी भरत आहे, चालवत राहा. व्हर्डेलने ती वाचली आणि तो भडकला.

"आता गाडी मला शिकवणार? म्हणे चालवत राहा. कुठे जाऊ? कॅनडात?"

त्याने खिशातून काळी चिकटपट्टी काढली आणि पडद्यावर चिकटवून टाकली. त्या दिवसापासून मी मुकी झाले.

दुकानात लायल नावाचा त्याचा शेजारी असायचा. त्याची पिकअप पेट्रोलवर चालणारी होती. तो खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "व्हर्डेल, दोन मैल यायला डिझेल? उद्या दात कोरायला कुऱ्हाड आणशील!" सगळे हसायचे. मला राग यायचा, पण खरे सांगते मित्रांनो, लायल खोटे बोलत नव्हता. नुसते कॉफीला जायचे असेल तर त्याचीच गाडी शहाणी होती.

शेवटी व्हर्डेलने ठरवले. येत्या शनिवारी मला देऊन बदल्यात एक लहान पेट्रोल गाडी आणायची.

"मग ट्रेलर कोण ओढणार?" सिग्नेने विचारले.

"ट्रेलर कशाला हवाय? तुझ्या कालवडी व्यायल्या की विकून टाकू. अगं, ही वेडी हौस आहे तुझी. तू परत जा, चांगली नोकरी बघ."

 सिग्ने बाहेर आली आणि माझ्या दारापाशी कितीतरी वेळ उभी राहिली. मी गेले की ट्रेलर जाणार, ट्रेलर गेला की कालवडी जाणार आणि कालवडी गेल्या की तिला इथे राहायला कारणच उरणार नव्हते. हे तिलाही कळत होते आणि मलाही.

त्याच आठवड्यात तिची एक पहिलटकरीण कालवड अडली. भल्या सकाळी वादळाचा इशारा आलेला, वारा बर्फाची भुकटी उधळत होता. सिग्नेने गोठ्यात जाऊन कालवडीच्या आत हात घालून पाहिले. वासराचे डोके मोठे, एक पाय मागे दुमडलेला. बापलेकीने दोरी लावून ओढून पाहिले, पण काही उपयोग होईना. सिग्नेने डॉक्टर वोल्फबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पोट उघडावे लागेल, इकडे घेऊन या, आणि वाटेत रेंगाळू नका.

व्हर्डेलने लगेच दुसरा फोन केला तो लायलला. "तुझी गाडी तापवून फाट्यावर आण. माझीचा भरवसा नाही. तिथे ट्रेलर बदलू."

सिग्नेने ट्रेलर मला जोडला, कालवडीला कसेबसे आत चढवले आणि ती सरळ चालकाच्या जागेवर बसली. व्हर्डेल दुसऱ्या बाजूने लंगडत आत आला. तिने किल्ली फिरवली, पडद्यावरची पट्टी पाहिली आणि नखाने टर्रकन सोलून काढली. खाली माझी अक्षरे लाल झाली होती : गाळणी पूर्ण भरत आली आहे, लवकरच जोर कमी होईल.

"बाबा! हे कधीपासून आहे?"

"असेल नोव्हेंबरपासून, थँक्सगिव्हिंगच्या सणापासून. ती काहीतरी बडबडत असते."

"बडबडत असते! आणि तुम्ही तिच्या तोंडाला पट्टी लावलीत?"

तिने मला हलवले. मागे ओझे होते, कितीतरी दिवसांनी. माझ्या अंगात जीव आला, पण श्वास मोकळा होईना. गाळणी इतकी तुंबली होती की धूर बाहेर पडायला वाट नव्हती. सिग्ने मोठे ट्रक चालवलेली पोर. तिने खालचा गिअर घालून इंजिन वरच्या फेऱ्यांवर धरून ठेवले. हळूहळू मी तापू लागले. फाटा दिसू लागला तेव्हा पडद्यावरची अक्षरे बदलली : गाळणी साफ होत आहे, थांबू नका.

दुकानासमोर लायलची गाडी तयार उभी होती. लायल स्वतः बर्फात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. काचेमागे बाकीचे म्हातारे हातात कप धरून पाहत होते.

"घे आत," व्हर्डेल म्हणाला.

सिग्नेने वेग कमी केला नाही.

"सिग्ने, आत घे म्हणतोय ना!"

"आत्ता थांबले तर ही पुन्हा ओढणार नाही बाबा. आणि या बर्फात ट्रेलर सोडायचा, दुसरीला जोडायचा, तोवर मागची मरेल."

"आणि चढावर ही मेली तर? वादळात रस्त्याच्या मध्यावर बसशील वासराचं मढं घेऊन! सगळा गाव हसेल."

"हसू दे."

लायल एका क्षणात मागे पडला. त्याचे तोंड उघडेच राहिलेले मला आरशात दिसले. आता मागे फिरायची सोय नव्हती. पुढे फक्त पठाराचा चढ होता आणि त्याच्या पलीकडे दवाखाना.

चढाच्या पायथ्याशी वाऱ्याने रस्ता पुसून टाकला. समोर पांढऱ्याशिवाय काही दिसेना. निम्मा चढ झाला आणि माझा जोर गळाला. वेग उतरत गेला, मग आणखी उतरला. पोटाखाली आग पेटली होती आणि जळक्या काजळीचा वास आत येऊ लागला. मागे कालवड धाडकन खाली बसली, त्या हिसक्याने ट्रेलर एका बाजूला ओढला गेला. मित्रांनो, मला भीती वाटली. मी यंत्र असले म्हणून काय झाले? त्या दिवशी मला भीती वाटली.

"बंद कर! पेटेल ती!" व्हर्डेल ओरडला आणि त्याचा हात किल्लीकडे गेला.

सिग्नेने तो हात मनगटाशी धरला. बापाचा हात तिने असा आयुष्यात कधी धरला नसेल.

"नाही पेटणार. ती तिचं काम करतेय. तुम्ही दर वेळी असंच करता बाबा. ती तापायला लागली की बंद. थंडीत दारात उभी, जपून, लाडाने. त्या लाडानेच तिचा श्वास कोंडलाय." तिचा आवाज फुटला. "मलाही तुम्ही असंच उभं ठेवलंय. आत बस, मी बघतो. मी आईच्या दुःखाने वेडी होऊन नाही आले परत. मी काम करायला आलेय."

व्हर्डेलने हात मागे घेतला. तो समोरच्या पांढऱ्या काचेकडे पाहत राहिला.  मी जड, घोगऱ्या आवाजात चढत राहिले.

मग अगदी माथ्याजवळ काहीतरी सुटले. शेवटची घट्ट काजळी जळून गेली असावी. घशातला आवंढा गिळला जावा तशी मी मोकळी झाले. धूर सुटला, हवा आत आली, आणि जो जोर मी दोन वर्षे विसरले होते तो चाकांपर्यंत पोचला. सिग्नेला तो पायाखाली जाणवला. तिने गिअर बदलला आणि मी तो चढ पार केला.

डॉक्टर वोल्फबाई दार उघडून वाटच पाहत होत्या. वासरू बाहेर निघाले ते जिवंत, पण थंडगार आणि मलूल. आमच्याकडे अशा वासराला पिकअपमध्ये, पुढच्या सीटसमोर पायांशी ठेवतात आणि गरम हवा पूर्ण सोडतात. ओझे ओढून मी तापलेलीच होते. व्हर्डेल पाय फाकवून बसला आणि त्याने ते ओले काळे बाळ दोन बुटांच्या मध्ये घेतले. पोत्याच्या तुकड्याने तो त्याला चोळत राहिला. शेवटी वासराने मान उचलली आणि त्याच्या पँटचे टोक चोखायला सुरुवात केली.

सिग्ने कालवडीला टाके घातलेले पाहून बाहेर आली. तिने दार उघडले. बापाकडे पाहायचे की वासराकडे हे तिला कळेना.

"शनिवारी गाडी बदलून देणार होते त्यांना फोन करून नाही सांगतो," व्हर्डेल वासरावरून नजर न काढता म्हणाला. "कॉफीला मी मार्लिसची छोटी गाडी नेईन. तिचं पेट्रोल मला परवडतं."

"आणि ही?"

"ही माझ्या कामाची नाही आता." तो थांबला. मग त्याने नाक पुसले. "कुरणही नाही. दोन्ही तू घे. मला फक्त उन्हाळ्यात कुंपण कुठे तुटलंय ते बघायला ने."

सिग्ने तिथेच, बर्फात, दाराला धरून रडली.

तेव्हापासून मी तिच्याकडे आहे. मागे बहुतेक वेळा काहीतरी जोडलेले असते आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटत नाहीत. लायल अजून विचारतो, एवढ्याशा गाडीत डिझेल कशाला. हल्ली मला राग येत नाही. जिच्या मागे ओझे आणि पुढे चढ आहे तिच्यात डिझेल शोभते, बाकीच्यांनी पेट्रोल भरावे आणि सुखाने कॉफी प्यावी.

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. आपले माणूस असो वा यंत्र, थंडी वाजेल, थकेल, दमेल म्हणून त्याला दारात उभे करून ठेवू नका. त्याने काही सांगितले तर त्याच्या तोंडाला पट्टी लावू नका. माझी काळजी घ्यायची असेल, तर मला कामाला जुंपा.