पहिला डबा

लाँड्रीच्या मागच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी रेल्वेचा सगळा कारभार चालत असे. फक्त रेल्वेखात्याला त्याची कल्पना नव्हती.

खोली वाफेनं कोंदलेली. दोरीवर लोकांचे इस्त्री केलेले कोट, आणि त्या कोटांखाली मान तिरकी करून बसलेली चार डोकी. यांचं नाव लोहमार्ग मित्र मंडळ. निवृत्त स्टेशनमास्तर अध्यक्ष, कारण आयुष्यात खरी झेंडी दाखवलेला माणूस त्यांच्यात तोच एक. लाँड्रीवाला कार्यवाह, कारण खोली त्याची. बँकेतल्या बाई रंगीत पेन्सिलींनी भविष्यातल्या मार्गांचे नकाशे काढत, आणि त्या नकाशांत आपल्या छोट्या लाइनीवर दुहेरी रूळ, वरून वीज, संध्याकाळची जादा गाडी असं सगळं स्वस्तात होऊन जाई. डब्यांना निळा रंग द्यावा की हिरवा, यावर एकदा दोन रविवार भांडण चाललं होतं. डबे आपले तपकिरीच राहिले.

चौथा भोंगा. त्याचं औषधांचं दुकान होतं, वय पन्नाशीचं, लग्न राहून गेलेलं, घरी अंथरुणाला खिळलेली आई. कुठल्याही इंजिनाचा भोंगा तो तोंडानं हुबेहूब काढी, म्हणून हे नाव. गिऱ्हाइकाला खोकला कोरडा आहे की ओला, हे विचारायला विसरेल, पण लांबून जाणाऱ्या मालगाडीचं इंजिन कफानं भरलंय की नाही, ते अचूक सांगेल.

दर मंगळवारी दुकान बंद. त्या दिवशी शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून भोंगा पहाटेच्या गाडीनं लाइनीच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत जाई आणि त्याच गाडीनं सकाळी परत येई. काम काही नाही. पहिल्या डब्यात, इंजिनाला अगदी चिकटून असलेल्या खिडकीशी बसायचं, रेकॉर्डर बाहेर धरायचा आणि कानात प्राण आणून ऐकायचं. परत आल्यावरही घाई नाही. इंजिन डब्यांपासून सुटून पलीकडच्या रुळावर जाईपर्यंत तो चांगला तास-दोन तास प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा असे.

तर या मंडळानं यंदा एक पराक्रम केला. सकाळची ही गाडी गावात पोचायची आणि मोठ्या लाइनीवरची एक्सप्रेस नेमकी तेव्हाच सुटायची. कॉलेजची मुलं, दवाखान्याला निघालेली माणसं जिना धापा टाकत चढायची आणि एक्सप्रेसचा शेवटचा डबा बघून उतरायची. उपाय भोंग्यानं सुचवला. गावाच्या अलीकडे, वळणावर एक थांबा होता. ना तिकीटखिडकी, ना छप्पर. दीड डब्याच्या लांबीचा ओटा, बस. आणि तिथं गाडी तीन-चार मिनिटं नुसती उभी राहायची. हा थांबा काढला की एक्सप्रेस मिळाली.

"माणसं चढतात का पण तिथं?" बँकेतल्या बाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"चिटपाखरू नसतं," भोंगा म्हणाला. "दर मंगळवारी बघतोय मी. पहिल्या डब्यातून."

रेल्वेनं खात्री मागितली. भोंग्यानं सबंध हिवाळा बघून लिहून दिलं, की प्रवासी नाहीत. खाली चौघांच्या सह्या. तिथं तिकिटंच विकली जात नव्हती, त्यामुळे खात्याकडेही शून्याच्याच नोंदी. नव्या वेळापत्रकात थांबा गेला, एक्सप्रेस मिळू लागली, पेपरात मंडळाचा फोटो आला. फोटोत भोंग्याचे डोळे मिटलेले होते. त्यावरून लाँड्रीवाल्यानं त्याला आठवडाभर छळलं, आणि भोंग्याला तेही गोड लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या वेडानं कुणाचं तरी भलं झालं होतं.

आता ताईकडे येऊ. भोंग्याची थोरली बहीण. गावापासून काही कोसांवर, नदीपलीकडच्या वाडीत दिलेली. नवरा वारलेला, मुलगा दूर नोकरीला. मंगळवारी आणि शुक्रवारी ती आईला न्हाऊ घालायला यायची. मंगळवारी भोंगा घरी पोचेपर्यंत आई स्वच्छ चादरीवर, केस विंचरून बसलेली असायची. ताई कशानं येते, हे त्यानं विचारलं नव्हतं. पूर्वी बसनं यायची, म्हणजे बसनंच येत असेल.

नवं वेळापत्रक लागलं आणि ताईला उशीर व्हायला लागला. आधी तासभर, मग पार दुपार. त्या मंगळवारी भोंगा घरी आला तेव्हा आई ओल्या अंथरुणात कुशीवर वळून, डोळे मिटून पडली होती. जागी होती, पण लाजेनं डोळे उघडत नव्हती. काकू दाराबाहेर जाऊन बसल्या होत्या. त्यानं स्वतः चादर ओढायचा प्रयत्न केला, तर आईनं ती मुठीत घट्ट धरली. "तू नको," एवढंच म्हणाली.

ताई आली ती भर दुपारी, घामानं निथळत.

"ही काय वेळ झाली यायची?" भोंगा दारातच कडाडला. "आई सकाळपासून तशीच पडलीय. घरून जरा लवकर निघायला काय होतं?"

ताईनं पिशवी ठेवली, पदर खोचला आणि आत गेली. पाण्याचा आवाज, आईचं पुटपुटणं, ताईचं "झालं हं, झालं," असं बराच वेळ ऐकू येत राहिलं. मग ती बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली आणि दोन्ही गुडघे चोळू लागली.

"अंधारात निघते रे," ती म्हणाली. "सडकेपर्यंत चालत, मग जीप भरेपर्यंत थांबायचं, मग नाक्यावर बस. गाडी होती तेव्हा बरं होतं."

"कुठली गाडी?"

"कुठली म्हणजे? आपली सकाळची. नदीवर पायपूल झाल्यापासून आमची सगळी वाडी त्या वळणावरच्या थांब्यावरूनच येत होती की."

भोंगा म्हणाला, "थांब्यावर तर कुणीच नसतं."

"कुणी नसायला काय झालं? भाजीवाल्या असायच्या, शिवणाच्या कारखान्यात जाणाऱ्या पोरी असायच्या. ओटा मागच्या टोकाला, म्हणून सगळ्या शेवटच्या डब्यात. पुढं नुसती झुडपं." ताईनं आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगते. हे सगळं माझ्यामुळे झालं बघ."

"तुझ्यामुळे?"

"ओटा बुटका, पायरी उंच. माझे गुडघे असे. दोघी वरून ओढायच्या, एक खालून ढकलायची, तेव्हा कुठे मी चढायची. गार्ड बिचारा भला, मी बसल्याशिवाय शिट्टी देत नसे. आता म्हणे गाडीला तिथं फार वेळ लागतो, म्हणून थांबा काढला. वाडीतल्या पोरी तोंडावर काही बोलत नाहीत, पण मला कळत नाही का? दोघींची कामं सुटली." मग जरा चाचरत म्हणाली, "तुमचं ते मंडळ आहे ना, त्याचं काही चालतं का रेल्वेत? बघ ना बोलून. वाटलं तर सांग त्यांना, ती म्हातारी यायची नाही म्हणावं, पण थांबा तेवढा द्या."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं भोंग्याला झालं. तोंड उघडून खरं सांगून टाकायचं, एवढंच काम होतं. पण तो म्हणाला, "बघतो." आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठला.

संध्याकाळी त्यानं हिवाळ्यातलं एक रेकॉर्डिंग कानाला लावलं. थांब्यावरचा तो आवाज त्याचा सगळ्यात लाडका होता. चढ संपवून आलेलं इंजिन तिथं उभ्याउभ्या एका लयीत घुमत राहायचं. त्याला तो म्हणायचा, इंजिनाची साखरझोप. मंडळातल्या सगळ्यांना त्यानं ती ऐकवली होती. आज ऐकताना त्याला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की चढायला कुणी नव्हतं, तर गाडी एवढा वेळ उभी का होती? ज्याला रेल्वेतलं एवढंसं कळतं, त्यालाही हा प्रश्न पडला असता. त्याला पडला नाही, कारण गाडी उभी होती हे त्याला हवंच होतं. तिकडे ताई दांडा धरून लोंबकळत होती, आणि इकडे तिचा भाऊ डोळे मिटून इंजिन ऐकत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसासुद्धा यानं बसल्या जागी घातला होता. त्यानं कानातलं काढून ठेवलं. त्याला स्वतःचीच किळस आली.

पुढच्या रविवारी लाँड्रीत मोठा बेत होता. विभागीय कार्यालयातले एक साहेब मंडळाचं कौतुक करायला येणार होते. कोट एका बाजूला सारून खुर्ची मांडली होती. बँकेतल्या बाईंनी नवा नकाशा आणला होता. साहेब आले, चहा झाला. "तुमच्यासारखे जागरूक लोक हवेत," साहेब म्हणाले, आणि मास्तरांनी भोंग्याला बोलायला उभं केलं.

"आमचा आकडा चुकीचा होता," भोंगा म्हणाला.

लाँड्रीवाल्याला वाटलं, हा विनोद करतोय. तो हसला.

"आमचा म्हणजे माझा. मी पहिल्या डब्यात बसलो होतो. माणसं शेवटच्या डब्यात चढत होती. वळणामुळे मला मागचं दिसत नव्हतं, आणि मी उठून बघितलंही नाही. मी मोजलंच नाही साहेब. मी इंजिन ऐकत होतो. थांबा परत द्या."

मास्तर ताडकन उभे राहिले. "अरे, सह्या आहेत आमच्या त्यावर! मी चाळीस वर्षं नोकरी केली, एक खोटी नोंद केली नाही. माझ्या नावावर तू हे करून ठेवलंस?"

"तुम्हीच मागितलंत, तुम्हीच नको म्हणताय," साहेब म्हणाले. रागावले नव्हते, त्यांना मजा वाटत होती, आणि ते जास्त लागलं. "एक्सप्रेस मिळायला लागली म्हणून शंभर लोक आम्हाला दुवा देतायत, त्यांना काय सांगू? अर्ज द्या. पुढचं वेळापत्रक सहा महिन्यांनी. तेव्हा आमचा माणूस मोजेल. तो शेवटच्या डब्यात बसेल, एवढं मी बघतो."

साहेब गेल्यावर लाँड्रीवाला हळूच म्हणाला, "भोंग्या, त्या फोटोच्या वेळी कधी नव्हे तो चांगला वाजला होतास रे." बँकेतल्या बाईंनी नकाशा उलगडला, पेन्सिल घेतली आणि वगळलेल्या थांब्याच्या जागी पुन्हा एक ठिपका काढला. मास्तर त्याच्याकडे न बघता निघून गेले. अर्जावर त्यांनी नंतर सही केली, पण तो रविवार गेला तो गेलाच.

आता उरली होती ताई. चार लोकांत बोलणं सोपं होतं, हे भोंग्याला मंगळवारी कळलं. तो गाडीला गेला नाही. नाक्यावर जाऊन ताईच्या बसची वाट बघावी असं त्याच्या मनात आलं, पण धीर झाला नाही. ती आली, आईचं सगळं केलं, आईच्या मागे बसून तिचे केस विंचरू लागली. भोंगा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. पहिला डबा, आकडा, सह्या, पेपरातला फोटो. पोरींची कामं त्याच्यामुळे गेली हेही सांगितलं. सांगताना तो ताईच्या हातातल्या फणीकडे बघत होता.

फणी थांबली.

"म्हणजे माझ्या गुडघ्यांमुळे नाही?" ताईनं विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की गं. माझ्यामुळे."

ताईनं एवढा मोठा श्वास सोडला, की आईनं मान वळवून बघितलं. "अगंबाई," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. "बरं झालं सांगितलंस. रात्र रात्र झोप नव्हती रे. वाटायचं, माझ्यापायी सगळ्यांचं गेलं."

भोंगा शिव्या खायला तयार होऊन आला होता. ताईनं थोबाडीत दिली असती तरी त्यानं दुसरा गाल पुढे केला असता. पण ती सुटल्यासारखी हसेल, याची त्यानं काही तयारी केली नव्हती. तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

ताईनं पुन्हा विंचरायला सुरुवात केली. एक बट सोडवता सोडवता तिचा हात परत थांबला.

"पण थांब. म्हणजे मंगळवारी तू त्याच गाडीत असायचास?"

"हो."

"मला वाटायचं, तू स्टेशनवर गाड्या बघत बसतोस. पुढच्या डब्यात तू, आणि मागच्यात मी?"

"हो."

"इतकी वर्षं?"

त्यानं नुसती मान डोलावली.

"अरे, मग पिशवी तरी धरली असतीस माझी," ताई म्हणाली. रागानं नव्हे. साधं, आठवून बोलल्यासारखं. "त्या स्टेशनच्या जिन्यावर फार जड व्हायची. आईसाठी भाजी, जुन्या लुगड्यांच्या मऊ घड्या, सगळं असायचं त्यात."

संध्याकाळी ती निघाली तेव्हा भोंग्यानं पुढे होऊन खुंटीवरची पिशवी उचलली.

"राहू दे रे," ताई म्हणाली. "आता रिकामीच आहे."

तरी त्यानं ती सोडली नाही. नाक्यापर्यंत तो तिच्यामागून, तिच्या गुडघ्यांच्या चालीनं चालत गेला, आणि बस येईपर्यंत ती रिकामी पिशवी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.