गोजरा आरेवाली

“जगदेवभाऊ, हे गाडी कोनती हाये, ते तं सांगा आंधी!”

देवेंद्रकुमारनं ताडपत्री ओढली आणि सरकीच्या धुळीनं दोघांनाही ठसका लागला. रिसोडात ऑइल इंजिनं आणि जीपगाड्या दुरुस्त करणारा जगदेव एरवी बोलण्यात कुणाला हार जात नसे. आता मात्र तो गोदामात उकिडवा बसून त्या लाल, उघड्या, दोघांपुरत्या मोटारीच्या चाकाकडे बघत राहिला. चाकाला सायकलीसारखे तारेचे आरे होते.

“कंपनीचा बिल्ला कोनंतरी उपटला. नंबरची पाटीबी नाही,” देवेंद्रकुमार म्हणाला. पूनमचंद शेठचा हा मुलगा लहानपणापासून नागपूरला शिकून आता परतला होता; गावच्या जुन्या गोष्टी त्याला ठाऊक नव्हत्या. वडील वारल्यावर गोदाम रिकामं करताना पोत्यांमागे त्याला ही मोटार सापडली. “काका राजस्थानात साधुमहाराजांच्या दर्शनाले गेले. खमतखामण्याच्या दिवशी घरी राहतीन. तवा गाडी दारात उभी करतो. खूश होतीन!”

काका म्हणजे अमृतलाल शेठ. खूश होणार होते, यात काय शंका!

जगदेव लहान होता तेव्हा त्याचा बाप रामराव जऊळक्याच्या रस्त्यानं बाजारातून परतत होता. मागून आलेल्या लाल मोटारीनं त्याला उडवलं आणि ती थांबलीसुद्धा नाही. सोबतच्या बायकोनं, गोजराबाईनं, चालवणाऱ्या अमृतलालला पाहिलं. तो ती मोटार त्याच दिवशी बाहेरगावाहून आणत होता. गावानं ती आधी पाहिली नव्हती, पुढेही कधी पाहिली नाही. पोलीस जमादारानं गोजराबाईला विचारलं, “कोन्या कंपनीची? कोन्या सालची? नंबर काय?” ती म्हणाली, “चाकाले सायकलीवानी आरे होते.” सगळे खो खो हसले. मोटारीला कुठं आरे असतात? अमृतलालनं कानांवर हात ठेवले, आपल्याकडे मोटारच नाही. रामराव मातीत गेला आणि त्याच्या बायकोचं नाव पडलं गोजरा आरेवाली. म्हातारपणीही ते सुटलं नाही.

वर जैनांच्या संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, क्षमा मागायच्या खमतखामण्याला, अमृतलाल सगळ्यांबरोबर तिच्याही दारात यायचा, हात जोडायचा. “वर्षभरात काई चुकलं असन तं खमतखामणा.” वर्षभरात! रामरावचं मरण त्याच्या कुठल्याच वर्षात बसत नव्हतं.

जमादाराच्या त्या प्रश्नापायीच जगदेव मोटारीचं काम शिकला होता. त्यानं चाकाच्या मधल्या नटावरची धूळ थुंकी लावून पुसली. आठ कोनांच्या चौकटीत दोन इंग्रजी अक्षरं उमटली.

“एम. जी. हाये. बिलायती.”

“वा! म्हंजे काखेत कळसा न् गावाले वळसा!” देवेंद्रकुमार हरखला. मग त्याचे प्रश्न थांबेनात. “दोन-दोन कार्बोरेटर कायले? इंजीन हालत नाही, तुटलं का?”

“तुटलं नाही, जाम झालं. प्लगच्या भोकातून तेल सोडून ठेवू. दम धरा. जोर केला तं पिस्टन जाईन.”

“अन् डाव्या बाजूचा हा पोचा? ठोकून सारखा करू?”

“तो राहू द्या.”

“काहून?”

“तिची वळख हाये ते.”

तेलात भिजून इंजिन सुटलं, एके दिवशी धडधडलंही. शेवटी ब्रेकची नळी जगदेवच्या हातात आली. नट जरासा ढिला ठेवला की झालं. अमृतलाल कधीतरी चक्कर मारायला बसणारच. पाना हातात धरून जगदेव दातओठ खात राहिला. पण मेला तर सुटलाच की तो! त्यानं नट कचकचून आवळला.

“देवेनबाबू, एकच मांगनं हाये. पयल्या फेरीले माही माय बसन.”

“बसवा न! त्यात काय!” पोरगा मनानं भला होता.

खमतखामण्याच्या सकाळी अमृतलालच्या ओट्यावर लोक जमले होते. हात जोडले जात होते, गळाभेटी होत होत्या. लाल मोटार हॉर्न वाजवत आली. चालवत होता जगदेव, आणि शेजारी धुतलेलं लुगडं नेसून गोजराबाई बसली होती. देवेंद्रकुमार पुढं धावत ओरडला, “काका, पाहा! आपल्याच गोदामात होती! नाव सोधून काढलं आमी!”

अमृतलालचं तोंड पांढरंफटक पडलं. गर्दीतला, तेव्हा हसणाऱ्यांतला म्हातारा इंद्रभान चाकाशी वाकला. “अबे, आरे हायेत हिले,” तो हळूच म्हणाला. पोच्याकडे बघून त्यानं डोक्याचा रुमाल काढला.

अमृतलाल कसाबसा पायऱ्या उतरला. सवयीनं हात जोडले गेले. “गोजराबाई, काई चुकलं असन तं... खमतखामणा.”

“काय चुकलं?” गोजराबाईनं विचारलं. “कोन्या सालचं? नंबर काय त्याचा?”

या वेळी कोणी हसलं नाही. देवेंद्रकुमार पोच्याकडे बघत होता, मग काकांकडे बघू लागला. अमृतलालचे हात जोडलेलेच राहिले.

जगदेवनं इंजिन बंद करायला हात नेला.

“राहू दे चालू,” गोजराबाई म्हणाली. “यानं सांगतल्याबिगर मी उतरत नाही.”

तिनं पदर सावरला आणि सीटला पाठ टेकून नीट बसली.