दुधी हंडी आणि नव्या खोलीचा उजेड

मित्रांनो, अंधार पडला की सगळ्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे जातो. मान वर करून आमच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून आज मीच बोलायला घेतले आहे. मी दुधी काचेची एक जुनी हंडी. सर्बियात लेस्कोवाक शहराच्या कडेला एक घर आहे, त्याच्या स्वयंपाकघराच्या छताला मी लटकते. वय विचारू नका, सांगणार नाही.

माझा जन्म भट्टीतला. एका गालफुग्या कारागिराने लोखंडी नळीतून फुंकर घालून मला फुगवले. मध्येच त्याला खोकल्याची उबळ आली, म्हणून मी एका बाजूने जरा चपटी आहे. या चपटेपणापायी दुकानात बरेच दिवस धूळ खात पडले होते. मग एक नवे जोडपे आले. नवऱ्या मुलीने, म्हणजे स्तामेनाने, मला हलकेच टिचकी मारली, तो किणकिणाट ऐकून ती हसली आणि मला घरी घेऊन गेली. तेव्हा तिचे कान धडधाकट होते.

स्तामेना कापडाच्या गिरणीत मागावर काम करायची. मागांच्या खडखडाटात तिथल्या बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणे ओळखायच्या. पुढे गिरणी बंद पडली, पण कान त्याआधीच गेले होते. कानात घालायचे यंत्र सारखी शिट्टी मारते म्हणून तिने ते चमच्यांच्या खणात टाकून दिले. घरच्यांना वाटायचे, आईला थोडे कमी ऐकू येते. खरे तर तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते, आणि हे फक्त मला ठाऊक होते.

मला कसे ठाऊक? अहो, पाहुणा आला की ती त्याला बरोबर माझ्याखाली, स्वतःच्या समोर बसवायची. माझा उजेड कपाळावर, गालांवर, ओठांवर सारखा पसरतो. त्या उजेडात तिला तिहोमिरच्या झुपकेदार मिशांमधूनही शब्द वेचता यायचे. हा तिहोमिर तिच्या लग्नातला साक्षीदार. आमच्याकडे हे नाते रक्ताच्या नात्यापेक्षा जवळचे मानतात. तो आणि त्याची बायको दारिंका दर रविवारी तिच्या हातच्या आयवारची, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीची, बरणी घेऊन यायचे, आणि स्वयंपाकघर हसण्याने भरून जायचे.

स्तामेनाचा नवरा गेला, मुलगा वुकाशिन मोठा झाला, यागोदा नावाची सून आली. ती केशकर्तनालय चालवते, हाताने चलाख आणि तोंडाने फटकळ. घराच्या संताच्या सणाला, स्लावाला, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरत नसे. म्हणून दोघांनी मागच्या अंगाला एक मोठी खोली वाढवली आणि मधली भिंत पाडून रुंद कमान केली. पाहुण्यांसाठी अंगणातून वेगळे दारही ठेवले. त्या कमानीतून मला नव्या खोलीतले सगळे दिसते.

मग दिव्यांची निवड सुरू झाली.

"आई, तुला कसले दिवे हवेत?" वुकाशिनने फरशी मोजता मोजता, पाठमोराच विचारले.

स्तामेना टेबल पुसत राहिली.

"बघ, तिला काही फरक पडत नाही," तो यागोदाला म्हणाला.

यागोदाने मोबाइल पुढे धरला. "हे बघ. छतात बुजवलेले छोटे गोल एलईडी. हॉटेलात असतात तसे."

"छताची चाळण होईल की!"

"होऊ दे. वरून काही लोंबायला नको, त्या स्वयंपाकघरातल्या भोपळ्यासारखं."

तो भोपळा म्हणजे मी. मित्रांनो, मला राग आला, पण एलईडीचा नाही. माझ्या पोटातही आता एलईडीचाच बल्ब आहे. पूर्वीचे तापट बल्ब मला चटके द्यायचे. हा बापडा थंड डोक्याचा आहे. आमचे छान जमते. त्या खोलीत मात्र एक डझन उघडे एलईडी छतातून सरळ खाली डोळे रोखून बसले.

नोव्हेंबरात स्लावा आला. या सणाला कोणाला आमंत्रण द्यायचे नसते. ज्याला यायचे तो येतो, आणि दार उघडे असते. मेणबत्ती पेटली, नव्या खोलीतले सगळे दिवे लागले. टेबल झगमगले, प्याले चमकले, आणि माणसांच्या चेहऱ्यांचे मात्र हाल झाले. उजेड नेमका डोक्यावर पडत होता. डोळ्यांच्या जागी खाचा दिसत होत्या आणि नाकाखाली काळी सावली. त्या सावलीत ओठ पार बुडून गेले.

स्तामेना साखर घातलेल्या शिजवलेल्या गव्हांचे तबक घेऊन नव्या खोलीच्या दाराशी उभी होती. येणारा चमचाभर गहू तोंडात टाकतो, सणाच्या शुभेच्छा देतो, आणि घरची बाई ठरलेले उत्तर देते. तिला कोणाचे ओठ दिसत नव्हते, पण सगळे एकच बोलतात म्हणून तिचे निभावत होते.

तेवढ्यात तिहोमिर आला, एकटाच. चमचा हातात धरून तो म्हणाला, "वहिनी, दारिंकाला दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, आशा धरू नका."

स्तामेना तोंडभर हसली. "देवाची कृपा! तुमच्याही घरी असंच आनंदाचं होवो!"

तिहोमिरने चमचा परत तबकात ठेवला, टोपी उचलली आणि तो निघून गेला.

पाहुणे गेल्यावर वुकाशिनने स्वयंपाकघरात माझ्याखाली उभे राहून आईला सगळे सांगितले. "माझं लक्ष नव्हतं रे," एवढेच ती म्हणाली. बहिरी आहे असे म्हणायची तिला लाज वाटत होती. गिरणीतल्या बाया बहिऱ्या झाल्या की लोक त्यांच्यासमोर काहीही बोलतात, हे तिने पाहिले होते.

त्या दिवसापासून तिने नव्या खोलीत पाऊल टाकले नाही. सगळे तिकडे जेवायचे, ती माझ्याखाली एकटी. यागोदाला वाटले, सासूने आपल्या खोलीवर नाक मुरडले. "तुझ्या आईला मी केलेलं काही खपत नाही," ती वुकाशिनला म्हणायची. नव्या वर्षाआधीच दारिंका गेली. स्तामेना दफनाला गेली, पण तिहोमिरने तिच्याकडे मान वळवली नाही. परत येऊन ती माझ्याखाली बसून रडली. फार वाईट वाटले मला. वर लटकणाऱ्याला कोणाच्या पाठीवरून हात फिरवता येत नाही.

एका संध्याकाळी यागोदा भांडी घासत होती. पाठ सासूकडे, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "माझ्या खोलीचा तुम्हाला विटाळ होतो का? स्पष्ट बोला ना एकदा! मी काय परकी आहे?" ती तावातावाने वळली. स्तामेना शांतपणे कांदा चिरत होती.

"आई, ऐकताय ना?"

"हं? बोल ना." आता यागोदाचे तोंड तिच्यासमोर होते.

यागोदा थबकली. तिने हात पुसले, माझ्या उजेडात येऊन उभी राहिली आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले.

स्तामेना ताडकन उठली आणि कढईचे झाकण उघडून पाहू लागली. "कुठं जळलीय भाजी? तुझं नाक ठिकाणावर आहे ना?"

"कोण म्हणालं भाजी जळली?" वुकाशिन आतून ओरडला. "मला तर कोणी बोललेलं ऐकू आलं नाही!"

यागोदाने सासूचा हात धरला, तिला नव्या खोलीत नेले, सगळे दिवे लावले आणि पुन्हा ओठ हलवले. स्तामेनाने तिच्याकडे पाहिले, मग खाली पाहिले.

"या खोलीत कोणालाच तोंड नसतं गं," ती हळूच म्हणाली.

यागोदाने तिला मिठी मारली. "आणि मी अक्कलशून्य! दुकानात आरशासमोर मी कधी नुसता वरचा दिवा लावत नाही, बायका म्हाताऱ्या दिसतात म्हणून. घरी मात्र सगळ्यांच्या तोंडावर काळोख टांगला!"

मग निवड पुन्हा झाली. यागोदाने दिव्यांच्या दुकानातून, नको असतील ते परत करण्याच्या बोलीवर, दिवे आणले. वुकाशिन शिडीवर, स्तामेना टेबलाच्या एका टोकाला, यागोदा दुसऱ्या टोकाला नुसते ओठ हलवत. पहिला दिवा निळसर पांढरा निघाला. "ही काय मढी ठेवायची खोली आहे?" स्तामेना म्हणाली. दुसरा फार पिवळा. त्यात दात आणि ओठ एकसारखेच दिसत. तिसरा रुंद, चपटा, खालून दुधी झाकण असलेला. तो लागला आणि यागोदाने काहीतरी ओठांत म्हटले.

"माझ्या मुलाला आळशी म्हणू नकोस," स्तामेना म्हणाली. "तो बापावर गेलाय."

तसे दोन दिवे छताला लागले, एक टेबलाच्या वर आणि एक दाराजवळ. वुकाशिनने कुरकुरत जुनी भोके बुजवली. यागोदाने मलाही काढून साबणाच्या पाण्याने धुतले. पोटातल्या माश्या गेल्या, तेव्हा कुठे जीवात जीव आला. वुकाशिनने तिहोमिरला फोन करून सगळे समजावले. त्याने ऐकून घेतले, "बरं" म्हटले आणि फोन ठेवला.

पुन्हा स्लावा आला. आमंत्रण द्यायचे नसते, त्यामुळे बोलावताही येईना. स्तामेना तबक घेऊन नव्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. एकामागून एक पाहुणे आले, खोली गजबजली, आणि तिची नजर अंगणातल्या वाटेवर.

शेवटी तिहोमिर आला. तो नव्या दिव्याखाली उभा राहिला, चमचा न उचलताच. मग तो काहीतरी बोलला, इतक्या हळू, की शेजारच्यालाही कळले नसेल. मला तर एक अक्षर ऐकू आले नाही. स्तामेना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हसली नाही. तिने तबक बाजूला ठेवले, त्याचे दोन्ही हात धरले आणि बहिऱ्या माणसांच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे म्हणाली:

"संपवू नका ती बरणी, भावजी! दारिंकाच्या हातचं शेवटचं मिरच्यांचं आयवार ना ते? वर तेल ओता आणि झाकण लावून ठेवा. उद्यापासून जेवायला इकडे यायचं."

तिहोमिरने मान हलवली. मग चमचा उचलून त्याने गहू तोंडात टाकला, आणि टोपी काढून खुंटीला अडकवली.

मित्रांनो, घर वाढवाल तेव्हा दिवे जरूर नवे घ्या, आमच्यावर उपकार म्हणून जुने टांगू नका. फक्त दिवा घेण्याआधी घरातल्या सगळ्यात गप्प माणसाला त्याच्याखाली बसवा. आणि कसला हवा हे त्याला विचाराल, तेव्हा त्याच्याकडे तोंड करून विचारा.