साखर-मिठाचं पाणी

गल्लीतली पोरं डॉक्टरकाकांना 'साखरडॉक्टर' म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंच. साखर-मिठाचं पाणी, चमचा चमचा, न थांबता. या एका उपायावर त्यांनी हगवणीनं सुकलेली कितीतरी लेकरं परत आणली होती. भिंगरीची आई त्यांतलीच एक. आता ती शिवणकाम करायची आणि स्वतःच्या लेकीला घेऊन त्याच दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायची.

काल आली तेव्हा भिंगरी ओकत होती. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, पोटात दुखत होतं.

"आठवडाभर नुसतं पाणी पाणी करतेय, काका. वाळली किती बघा. आणि एवढी घोडी झाली तरी अंथरूण ओलं करायला लागलीय." हे शेवटचं आई हळूच बोलली, पोरीला लाज वाटू नये म्हणून.

सुकलेलं लेकरू लघवी करत नाही, हे डॉक्टरकाकांनीच सिस्टरला शिकवलं होतं. आणि ही तर अंथरूण भिजवत होती; पण काल त्यांचे कान होते कुठे? बाहेर ही गर्दी. त्यांनी पोट दाबून बघितलं, गाल ओढला आणि हसून म्हणाले, "अगं, तुला ज्यानं वाचवलं तेच हिला दे." झाली तपासणी.

आज सकाळी दवाखाना उघडायच्या आत आई पायरीवर बसलेली. भिंगरी मांडीवर, हाक मारली तरी डोळे उघडेना. श्वास मात्र खोल, धापा टाकल्यासारखा. डॉक्टरकाका वाकले, तर तिच्या तोंडाला अति पिकलेल्या फळांचा वास. मधुमेहाची अशी मुलं हल्ली वाढताहेत, हे त्यांनी मध्यंतरी वाचलं होतं आणि 'आपल्याकडे कुठे एवढी' म्हणत पान उलटलं होतं.

साखर मोजायचं यंत्र टेबलाच्या खणात होतं. त्यांचं स्वतःचं. रोज नाश्त्याआधी ते आपलं बोट टोचून घेत. एखाद्या पोराचं टोचावं, हे इतक्या वर्षांत डोक्यातच आलं नव्हतं. आज टोचलं. साखर इतकी की यंत्राला आकडा दाखवता येईना.

"मोठ्या दवाखान्यात फोन लाव. गाडी मागव, लगेच," ते सिस्टरला म्हणाले. त्यांनी स्वतःच सलाईन लावायला घेतलं. शीर दोनदा हुकली.

"मी थांबले नाही हं, काका," आई सांगत होती. "रात्रभर पाजत होते. ओकली की परत. अंगात त्राण यावं म्हणून साखर जरा जास्तच घातली."

डॉक्टरकाकांना तिच्याकडे बघवेना. ते गाडीत तिच्यासोबत चढले. अर्ध्या वाटेवर भिंगरीचे ओठ हलले.

"पाणी."

आईच्या जिवात जीव आला. तिनं लगबगीनं पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं. डॉक्टरकाकांनी तिचं मनगट धरलं.

"नको. ते देऊ नकोस."

"का? तुमचंच तर आहे."

आता सांगण्यावाचून सुटका नव्हती. "माझं चुकलं, पोरी. हिच्या रक्तात साखर साठलीय. हे पाणी हिला विषासारखं झालं."

आई बाटलीकडे बघत राहिली. गाडी हादरली तसं थोडं पाणी तिच्या पदरावर सांडलं.

"मग रात्रभर मी तिला काय पाजलं, काका?"

"मी सांगितलं ते," डॉक्टरकाका म्हणाले.